खाज नसलेली सूज : एचएई असलेले कुणी आहेत का इथे?

रानजाई (धागाकर्ती)

आनुवंशिक अँजिओएडेमा, बोलताना आपण एचएई म्हणतो, तो असणाऱ्यांसाठी आणि अशा माणसासोबत राहणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. साधारण पन्नास हजारांत एकाला हा आजार असतो. त्यामुळे ओळखीत दुसरा रुग्ण सहसा सापडत नाही. सापडलाच तर तो आपलाच मामा नाहीतर आपलीच आतेबहीण निघते. बऱ्याच डॉक्टरांनीही तो पुस्तकात वाचलेला असतो, पेशंट पाहिलेला नसतो.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रक्तात सी१ इनहिबिटर नावाचं एक प्रथिन असतं. ब्रॅडीकायनिन तयार होण्याच्या प्रक्रियेवर त्याचा लगाम असतो. आमच्यात ते एकतर कमी असतं किंवा असूनही काम करत नाही. मग ब्रॅडीकायनिन वाढतं, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं आणि ती जागा फुगते. हात, पाय, ओठ, पापण्या, जननेंद्रिय, आतडी, घसा, कुठेही. चोवीसेक तास सूज चढत राहते आणि दोन ते पाच दिवसांत आपली आपण उतरते. खाज नाही, गांधी नाहीत. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, स्टेरॉइड, अ‍ॅड्रिनलिन काही काही चालत नाही, कारण अ‍ॅलर्जीत सूज आणणाऱ्या हिस्टामिनचा इथे संबंधच नाही.

आता मुद्द्यावर येते. 'आपली आपण उतरते' या तीन शब्दांनी आमच्या घराचा घात केलाय. आजाराला नाव मिळालं त्याच्या कितीतरी आधीपासून तो घरात होता आणि त्याच्याभोवती सगळ्यांनी मिळून एक शिस्त लावून घेतली होती. तोंड सुजलं की बाहेर पडायचं नाही. पोटात कळा आल्या की गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचं. उतरली की काही झालंच नाही असं उठून कामाला लागायचं. आईचे काका ऐन तरुणपणी 'घसा धरून' गेले, त्याबद्दल कुणी याहून जास्त बोलत नसे. आता निदान झालंय, घरात इंजेक्शन आहे, तरी आई ते वापरत नाही. 'खरी गरज लागेल तेव्हा' म्हणून जपून ठेवते. हाताची बोटं मिटत नाहीत इतकी सुजलेली असतात आणि बाई म्हणतात, 'ही काय, उद्यापर्यंत उतरेल.'

तर मला विचारायचंय ते असं : तुम्ही औषध कधी घेता? लगेच, की वाट बघून? आणि घरच्या मोठ्या माणसांना कसं पटवलंत?

गोगलगाय

अगदी अगदी! आमच्याकडेही असंच. मला हातापायांपेक्षा पोटाचे अटॅक जास्त येतात. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे लहानपणी 'शाळा बुडवायची सवय' हा शिक्का बसला तो बसलाच. कॉलेजात असताना एका अटॅकमध्ये अपेंडिक्स काढून टाकलं. ते ठणठणीत होतं हे नंतर रिपोर्टमध्ये कळलं. पुढच्या वेळी तसंच पोट दुखलं तेव्हा दुसऱ्या ठिकाणी पित्ताशयावर संशय. बरं, तपासायला जावं तोवर अटॅक उतरलेला, सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग हळूच मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सुचवायचं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : मी पोटाला लगेच घेते, हातापायाला नाही.

टिवल्याबावल्या

माहिती नवीन आहे, पण एक शंका. अंगावर पित्त उठतं ते हेच ना? आमच्या शेजारी एकांना होतं. त्यांनी पथ्य पाळलं, पोट साफ ठेवलं, सहा महिन्यांत बरं वाटलं. इतकी महागडी इंजेक्शनं घेण्याआधी ते का करून पाहू नये?

स्टेथोस्कोप

टिवल्याबावल्या, नाही, ते वेगळं. पित्त उठतं तेव्हा त्वचेवर लाल, खाजणाऱ्या गांधी येतात, काही तासांत जातात, अ‍ॅलर्जीच्या गोळीने आराम पडतो. एचएईची सूज खोलवर असते, खाजत नाही आणि त्या गोळीला दाद देत नाही. काहींना सूज येण्याआधी अंगावर जाळीदार लालसर नक्षी उमटते, पण तीही खाजत नाही. तिला पित्त समजलं की गाडी चुकीच्या रुळावर जाते ती वर्षानुवर्षं तिथेच. हा जनुकातला दोष आहे. पथ्याने शेजाऱ्यांना बरं वाटलं असेल, त्यांना हा आजार नसणार.

(मी डॉक्टर आहे, पण इथे कुणाचा डॉक्टर नाही. आपापल्या तज्ज्ञांना विचारूनच ठरवा.)

गोगलगाय, तुमचं अपेंडिक्स गेलं याचं नवल वाटलं नाही. पोटाच्या अटॅकमध्ये सोनोग्राफी केली तर आतड्याच्या एखाद्या भागाची भिंत जाड झालेली आणि पोटात पाणी दिसतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असू शकतात. उलट्या, घट्ट पोट, विव्हळणारा पेशंट. सर्जनला दुसरं काय सुचणार? दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी पुन्हा केली तर सगळं गायब. हे 'गायब होणं' हाच मोठा पुरावा असतो, पण तोवर पोट उघडून झालेलं असतं. उलटंही लक्षात ठेवा : एचएई असलेल्यालाही खरं अपेंडिसायटिस होऊ शकतं. ताप आला किंवा नेहमीच्या औषधाने दुखणं नेहमीसारखं ओसरलं नाही, तर 'अटॅकच असेल' म्हणून घरी बसू नका.

रानजाई, तुमच्या आईंना एक गोष्ट सांगून बघा. या औषधांनी आधीच झिरपलेलं पाणी परत आत जात नाही. पुढचं झिरपणं थांबतं, एवढंच. ओठाला नुसती चुणचुण असताना घेतलं तर सूज तिथेच थांबते. ओठ टम्म झाल्यावर घेतलं तर ते साचलेलं पाणी शोषलं जाईपर्यंत वाट बघावीच लागते, आणि मग लोक म्हणतात औषधाचा काही उपयोग नाही. जागतिक अ‍ॅलर्जी संघटना आणि युरोपीय अ‍ॅलर्जी अकादमी यांच्या २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत : प्रत्येक अटॅकला औषधाचा विचार करा, घशाच्या अटॅकला द्याच द्या, आणि शक्य तितक्या लवकर द्या. किमान दोन अटॅकना पुरेल इतकं औषध जवळ हवं. 'जपून ठेवा' असं त्यात कुठेही नाही.

दगडफूल

इथे बहुधा वयाने मीच मोठा असेन. रानजाईच्या आईची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

विल्यम ऑस्लरने एका घराण्यातल्या पाच पिढ्यांची नोंद करून हा आजार आनुवंशिक आहे असं लिहिलं ते १८८८ साली. सी१ इनहिबिटरची कमतरता सापडायला १९६३ उजाडलं. डॅनॅझॉल या अटॅक टाळणाऱ्या हार्मोनसारख्या औषधाचा उपयोग होतो हे १९७६ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे आमच्या आधीच्या पिढ्यांकडे सहन करण्यापलीकडे काहीही नव्हतं. ती शिस्त मूर्खपणातून आलेली नाही, तिच्यावरच ती माणसं तगली. जे औषध मिळेल-न मिळेल याची खात्री नाही, ते माणूस जपूनच ठेवणार.

मी स्वतः कित्येक वर्षं डॅनॅझॉलवर आहे. अटॅक क्वचित येतात. वजन वाढलं, कोलेस्टेरॉल वाढलं, ठरावीक काळाने यकृताच्या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी करतो. नवीन औषधं चांगली आहेत हे मान्य, पण प्रत्येक देशात ती मिळतात कुठे? आणि मिळाली तर परवडतात कुणाला? 'लगेच घ्या' म्हणणं सोपं आहे हो.

भटक्या

दगडफूल काका, तुमचा मुद्दा पटतो, पण घसा याला अपवाद धरा. माझ्या बायकोला एचएई आहे. निदान झालेल्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त जणांना आयुष्यात एकदा तरी घशाचा अटॅक येतो, आणि तो कुणाला, कधी येईल ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षं फक्त हात सुजत आलेल्यालाही येऊ शकतो.

तिला आला तेव्हा सुरुवात अगदी मामुली होती. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय म्हणून ती सारखी आवंढा गिळत होती. मग आवाज जाड झाला, फोनवर मला वाटलं सर्दी झालीय. मी घरी पोचलो तोवर ती लाळ गिळता येत नाही म्हणून रुमालात थुंकत होती. दवाखान्यात नेलं. तिथे अ‍ॅलर्जी समजून एकामागून एक इंजेक्शनं सुरू, आणि दर इंजेक्शनाला मी सांगतोय की याने उतरत नाही. ड्युटीवरच्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच इंटरनेट वाचून आलोय. शेवटी घरून आणलेलं आयकॅटिबँट, म्हणजे अटॅक आल्यावर घ्यायचं इंजेक्शन, मी तिच्या पोटावर टोचलं. आयकॅटिबँटची तीन मिली भरलेली सिरिंज, सुई वेगळी लावायची, हळूहळू ढकलायचं. टोचल्या जागी लाल चट्टा उठतो, आग होते, ती थोड्या वेळात जाते. माझा हात थरथरत होता आणि ती, बोलता येत नव्हतं तरी, बोटांनी 'सावकाश' अशी खूण करत होती.

त्यानंतर आम्ही एक कागद करून घेतला. तिच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, एका पानात : आजाराचं नाव, अ‍ॅलर्जीच्या औषधांनी उतरत नाही, कोणतं औषध किती द्यायचं, ते नसेल तर फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा (गोठवून ठेवलेला रक्तद्रव), श्वासनलिकेत नळी घालायची तयारी ठेवा, आणि डॉक्टरांचा फोन नंबर. एक प्रत तिच्या पर्समध्ये, एक माझ्या पाकिटात, फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. नवरा ओरडतोय त्यापेक्षा कागद बोलतो तेव्हा लोक जास्त ऐकतात.

आणि घशासाठी घरी इंजेक्शन घेतलं तरी दवाखान्यात जायचंच. घेऊन मग निघायचं, किंवा निघताना घ्यायचं. 'बघू या उतरतंय का' हा प्रकार घशाच्या बाबतीत नाही म्हणजे नाही.

स्टेथोस्कोप

भटक्या, +१. आयकॅटिबँटबद्दल थोडी भर : मोठ्यांना एका वेळी ३० मिलिग्रॅम. पुरेसा फरक पडला नाही किंवा सूज परत चढू लागली तर सहा तासांनी दुसरं, चोवीस तासांत जास्तीत जास्त तीन. मुलांना वजनाप्रमाणे. ते फ्रीजमध्ये ठेवावंच लागतं असं नाही, २५ अंशांच्या आत ठेवलं आणि गोठू दिलं नाही की झालं. त्यामुळे सोबत बाळगता येतं.

दगडफूल, परवडण्याबद्दल मी वाद घालणार नाही, तुमचं खरं आहे. पण ज्यांच्या घरात औषध आहे आणि तरी वापरलं जात नाही, त्यांच्याबद्दल धागा आहे असं मला वाटतं.

चाफेकळी

कधीपासून वाचतेय, आज लिहितेच. मला पाळी सुरू झाल्यावर त्रास वाढला, तोवर क्वचित कधीतरी हात सुजायचा. पुढे पाळी नियमित व्हावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या दिल्या आणि महिन्यात दोन-दोन अटॅक यायला लागले. त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन होतं. एचएई असलेल्या बायकांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायच्या असतात, हे मला दुसऱ्याच कशासाठी तरी गेले तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बंद केल्या आणि फरक पडला. फक्त प्रोजेस्टेरॉनसारखा हार्मोन असलेल्या गोळ्या बहुतेकींना चालतात.

बीपीच्या गोळ्यांचंही सांगते, कारण माझ्या वडिलांना (आजार त्यांच्याकडूनच आलाय) एनालॅप्रिल सुरू केलं होतं. एनालॅप्रिल, रॅमिप्रिल, 'प्रिल'ने संपणारी ही सगळी औषधं आपल्याला वर्ज्य. ब्रॅडीकायनिनचं विघटन ती रोखतात. घरात कुणाची बीपीची गोळी बदलली की चिठ्ठी एकदा वाचा.

आता विचारायचं ते. आम्ही मुलाचा विचार करतोय. डॅनॅझॉल घेते. काय करायचं?

स्टेथोस्कोप

चाफेकळी, डॅनॅझॉल गरोदरपणात चालत नाही. मुलीचा गर्भ असेल तर तिच्यात पुरुषी लक्षणं येऊ शकतात. प्रयत्न सुरू करण्याआधीच बंद करून दुसरी सोय लावून घ्या, तीही आपल्या मनाने नव्हे. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात रक्तद्रवापासून केलेलं सी१ इनहिबिटरचं इंजेक्शन पहिल्या पसंतीचं समजतात. गरोदरपणात अटॅक वाढतात की कमी होतात हे प्रत्येकीचं वेगळं. प्रसूती जिथे करायची तिथे औषध आधीच पोचलेलं हवं.

नवखा_बाबा

चाफेकळीच्या पुढची पायरी आमची. बायकोला आहे, मुलगी आठ महिन्यांची. सासूबाई म्हणतात, 'तिला टोचू नका, काही लक्षण दिसलं तर बघू.' बायकोचंही मन होत नाही. मला मात्र रात्री तिचे ओठ जरा फुगल्यासारखे वाटले की झोप लागत नाही. खरंच थांबावं का?

रानजाई

नवखा_बाबा, आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलामागे शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी फरक नाही, आणि पहिल्याला नाही म्हणून दुसऱ्याला असणार असंही नाही. 'लक्षण दिसलं तर बघू' याचाच मला राग येतो, कारण पहिलं लक्षण कुठे दिसेल ते आपल्या हातात नाही. सासूबाईंशी भांडू नका, पण तपासणी करा.

स्टेथोस्कोप

तपासणी करावीच, फक्त वय लक्षात घ्या. एक वर्षाच्या आतल्या बाळात सी४ (रक्तातलं आणखी एक प्रथिन) आणि सी१ इनहिबिटर तसेही कमी असतात, त्यामुळे आत्ताचा रिपोर्ट चकवू शकतो. बायकोच्या जनुकातला नेमका दोष माहीत असेल तर बाळाची जनुकीय तपासणी कुठल्याही वयात करता येते. नसेल तर आत्ता केलेली रक्तचाचणी वर्षानंतर पुन्हा करून खात्री करा. तोवर तिला आजार आहे असंच धरून चाला आणि बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा. लसी नेहमीप्रमाणे द्या.

सर्वांसाठी : तीन गोष्टी तपासतात. सी४, सी१ इनहिबिटरची पातळी आणि सी१ इनहिबिटरचं कार्य. सूज नसतानाही बहुतेकांचा सी४ कमीच सापडतो. पातळी नॉर्मल आली म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका, साधारण १५ टक्के रुग्णांत पातळी नॉर्मल किंवा जास्तही असते, कार्य मात्र कमी. कार्याच्या चाचणीचा नमुना नीट हाताळला गेला नाही तर निकाल चुकतो, म्हणून दोनदा करतात. आणि हो, घरात कुणालाच नाही म्हणून एचएई नाही, असं म्हणू नका. पाचांत एकाच्या आसपास रुग्णांमध्ये दोष नव्यानेच तयार झालेला असतो.

अनामिक११

माझं दुखणं त्याच्याही पुढचं. सी४ नॉर्मल, पातळी नॉर्मल, कार्य नॉर्मल. तरी आई, मी आणि बहीण, तिघींना तशीच सूज. तीन डॉक्टरांनी 'एचएई नाही' म्हणून फाइल बंद केली. शेवटी फॅक्टर १२ या रक्तातल्या दुसऱ्याच प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला. सी१ इनहिबिटर नॉर्मल असलेला एचएई असतो, फक्त तो आणखी दुर्मीळ. कुणाचे रिपोर्ट असे येत असतील आणि घरात सुजणारी माणसं असतील, तर जनुकीय तपासणीबद्दल विचारा.

गोगलगाय

अटॅक येऊच नयेत म्हणून रोज किंवा पंधरा दिवसांनी घ्यायच्या औषधांवर कुणी आहे का? मला लॅनाडेल्युमॅब सुरू झालं. दोन आठवड्यांतून एकदा, त्वचेखाली, स्वतःच टोचते. आधी अटॅकची भीती इतकी होती की कुठे जायचं ठरवलं की त्या ताणानेच पोट सुजायचं. आता पहिल्यांदाच पुढच्या महिन्याची तिकिटं काढली आणि रद्द करायची सोय शोधली नाही.

भटक्या

बायको बेरोट्रलस्टॅटवर आहे, रोज एक कॅप्सूल, जेवणासोबत. सुरुवातीला पोट बिघडायचं, मग बसलं. ते अटॅक आल्यावर घ्यायचं औषध नाही हे लक्षात ठेवा, इंजेक्शन जवळ लागतंच. अटॅक आल्यावर घ्यायची गोळी, सेबेट्रलस्टॅट, तिला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळालीय. ती इकडेतिकडे सगळीकडे पोचली तर रानजाईच्या आईसारख्यांचा अर्धा विरोध मावळेल. बऱ्याच जणांचं अडतं ते सुईपाशी.

दगडफूल

गोळी असेल तर मीही लगेच घेईन, हे कबूल करायला हरकत नाही.

रानजाई

काका :)

आईला काल स्टेथोस्कोप यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'झिरपलेलं परत जात नाही' हे दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, 'हे त्या डॉक्टरांनी आधी का नाही सांगितलं?' मी सांगितलं होतं, पण मुलीने सांगितलेलं मोजत नाहीत. आज सकाळी डावा हात चढायला लागल्यावर स्वतः हाक मारली. इंजेक्शन दिलं. मनगटाच्या वर गेली नाही सूज. दुपारी मात्र 'वाया गेलं एक, तशीही नसती वाढली' हे ऐकवलंच.

टिवल्याबावल्या

माझ्या आधीच्या प्रतिसादानंतर बरंच वाचलं. एक प्रश्न आहे. बहिणीच्या नवऱ्याला अशीच न खाजणारी सूज येते, त्याच्या वडिलांनाही यायची. परवा त्याची दाढ काढायची आहे. धोका आहे का?

स्टेथोस्कोप

आहे. तोंडातल्या कामानंतर घशाला सूज येऊ शकते, तीही लगेच नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, म्हणजे माणूस घरी झोपलेला असताना. अगदीच तातडीचं नसेल तर दाढ पुढे ढकला आणि आधी सी४ व सी१ इनहिबिटर तपासून घ्या. निदान पक्कं झालं तर दाढ काढण्याच्या थोडं आधी सी१ इनहिबिटरचं इंजेक्शन देतात आणि अटॅकचं औषध हाताशी ठेवून मगच हात लावतात. दंतवैद्यांना आजच फोन करून वडिलांचाही इतिहास सांगा.

टिवल्याबावल्या

फोन केला. त्यांनी अपॉइंटमेंट रद्द केली आणि आधी रिपोर्ट आणा म्हणाले. बहिणीला धाग्याची लिंक पाठवतोय, तिचे प्रश्न तीच विचारेल.